पंचवीस वर्षांचा करार आणि दिवाळीनंतरचे आठ दिवस

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही ठाण्यात राहतो. मी शाळेत शिक्षिका आहे, यजमान खासगी कंपनीत आहेत. माझं वय ४०, त्यांचं ४३. मुलगी नववीत, मुलगा चौथीत, आणि सोबत ७१ वर्षांच्या सासूबाई. मॉलमध्ये भरलेल्या कुपनावरून फोन आला म्हणून मागच्या रविवारी एका हॉटेलात टाइमशेअरची (एकदा मोठी रक्कम भरून दरवर्षी काही रात्री रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क घ्यायचा, त्या योजनेची) माहिती ऐकायला गेलो. तीन तास बसवून ठेवलं. कंपनी मोठी आहे, साठाच्या वर रिसॉर्ट दाखवले. २५ वर्षांची मेंबरशिप, दरवर्षी सात रात्री, चार जणांची स्टुडिओ खोली, व्हाइट सीझन. जीएसटी धरून ४ लाख ८० हजार, शिवाय वर्षाला १९ हजार मेंटेनन्स. 'आजच्या दिवसापुरती' सवलत होती म्हणून १० हजार टोकन कार्डाने भरून आलो.

नंतर ओळखीतून एक छोटी कंपनी कळली. १० वर्षे, २ लाख १० हजार, वर्षाला ११ हजार. त्यांचं पाचगणीजवळचं रिसॉर्ट चालू आहे, दापोलीचं 'लवकरच' होणार आहे. त्यांचा माणूस म्हणाला, दहा वर्षांत राहायला गेलाच नाहीत तर भरलेले पैसे वाढून परत मिळतील.

न्यू जर्सीचे दीर म्हणतात, मुदत काय बघता, ठिकाण बघा. ठिकाण चांगलं असेल तर पुढे विकता येतं. नणंदेने काही वर्षांपूर्वी घेतलंय, ती खूश आहे. वर्षाचा हिशेब केला तर २५ वर्षांचंच स्वस्त दिसतं: १९,२०० विरुद्ध २१,०००. पण २५ वर्षे म्हटलं की धस्स होतं. मुदतीला जास्त महत्त्व द्यावं की ठिकाणाला? (मे महिन्यात आणि गणपतीत आम्ही गुहागरजवळ गावी जातो.)

एक वाचक, ठाणे

उत्तर:

ताई,

मुदत आणि ठिकाण यांच्याकडे मी येतेच, पण त्याआधी त्या दहा हजारांचं बघू, कारण त्याला दिवस मोजून असतात. टोकन भरताना तुमच्याकडून अर्जावर सह्या घेतल्या असतील. त्या अर्जात रद्द करण्याचं कलम शोधा. मोठ्या कंपन्या साधारण दहा दिवसांच्या आत लेखी कळवलं तर पैसे परत देतात. पण हे दिवस पैसे भरल्यापासून मोजायचे की कागद हातात आल्यापासून, हे त्या कलमातच लिहिलेलं असतं. तुम्हाला शंका आहे, मग आजच ईमेल करा: 'आम्ही अजून निर्णय घेतलेला नाही, अर्ज रद्द करावा, टोकन परत करावं.' फोनवर सांगू नका. फोनवर तुम्हाला पुन्हा 'आमच्या मॅनेजरशी एकदा बोला' म्हणतील आणि त्यात चार दिवस जातील. युरोपीय संघात टाइमशेअर घेणाऱ्याला २००८ च्या नियमांनुसार १४ दिवस मिळतात, आणि त्या १४ दिवसांत कंपनीला एक पैसाही घेता येत नाही. आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदाच नाही. जी काही मुभा आहे ती तुमच्या अर्जातल्या ओळींमधून येते, म्हणून घाई.

आता तुमचा प्रश्न. मुदत की ठिकाण? माझं उत्तर: मुदत आधी. ठिकाण महत्त्वाचं नाही म्हणून मी हे म्हणत नाही. सुट्टी आनंदाची होते ती ठिकाणामुळेच. पण तुम्ही सही कराल त्या कागदात मुदत खिळ्याने ठोकलेली आहे आणि ठिकाण पेन्सिलीने लिहिलेलं आहे. २५ म्हणजे २५. त्यात कंपनी एक वर्ष कमी करणार नाही. रिसॉर्टांची यादी मात्र करारामागे जोडलेलं परिशिष्ट असतं, आणि बहुतेक करारांत 'कंपनी वेळोवेळी या यादीत बदल करू शकेल' असं एक वाक्य असतं. ते वाचा. साठ रिसॉर्टांपैकी कंपनीच्या मालकीचे किती आणि भाड्याने घेतलेले किती, हेही विचारा. भाड्याच्या जागेचा करार संपला आणि मूळ मालकाने जागा परत मागितली, की ते रिसॉर्ट यादीतून जातं. तुमची मेंबरशिप तशीच राहते, मेंटेनन्स तसाच राहतो, फक्त ज्या डोंगरावरच्या खिडकीसाठी तुम्ही सही केली ती खिडकी राहत नाही. मुदत जितकी लांब, तितका ठिकाणाचा भरवसा कमी. म्हणून या दोन गोष्टी एकाच तराजूत घालताच येत नाहीत.

तुमचे दीर चुकीचं सांगत नाहीत, ते तिथलं सांगताहेत. अमेरिकेत टाइमशेअर पुष्कळदा एखाद्या ठरलेल्या रिसॉर्टमधला ठरलेला हिस्सा असतो आणि त्याचं खरेदीखत होतं. फ्लोरिडातल्या किनाऱ्यावरचा अमुक आठवडा तुमच्या नावावर लागतो. तिथे ठिकाण कागदावर पक्कं असतं, त्यामुळे ठिकाण आधी बघा हा सल्ला तिथे योग्य ठरतो. (विक्रीचं मात्र तिथेही कठीणच आहे. मूळ किमतीच्या अगदी थोड्या भागावर लोक आपले आठवडे सोडून देतात, कारण मेंटेनन्स मालकाचा पिच्छा सोडत नाही, आणि मुदतच नसलेला करार असेल तर तो वारसांपर्यंत जातो.) तुम्हाला जे विकलं जातंय तो राहण्याचा हक्क आहे. मालमत्ता तुमच्या नावावर होत नाही. हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कंपनीची परवानगी लागते, हस्तांतराचे पैसे लागतात, आणि घेणाऱ्याला तीच कंपनी नवीन मेंबरशिपवर सवलत द्यायला तयार असते. मग तुमची जुनी कोण घेणार? 'पुढे विकता येईल' ही गोष्ट हिशेबातून काढूनच टाका.

मुदतीचं ओझं काय असतं, हे युरोपाने आधी भोगलं. स्पेनमध्ये एके काळी अमर्याद मुदतीचे करार सर्रास विकले जात. १९९८ साली तिथे कायदा झाला आणि अशा करारांना कमाल ५० वर्षांची मर्यादा आली. पुढे २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रॅन कॅनरिया बेटावरच्या एका रिसॉर्टच्या खटल्यात मुदतच नसलेला करार रद्दबातल ठरवला. त्या बेटांवरची ठिकाणं वाईट नव्हती. समुद्र, ऊन, सगळं होतं. तरी लोक कोर्टात गेले ते बाहेर पडता येत नाही म्हणून.

आपल्याकडेही एक गोष्ट लक्षात घ्या. भारतात हा धंदा १९८० च्या दशकात आला. स्टर्लिंग कंपनी १९८६ मध्ये सुरू झाली, महिंद्राची १९९६ मध्ये. स्टर्लिंग पुढे २०१४-१५ च्या सुमारास थॉमस कूक इंडिया या प्रवास कंपनीकडे गेली. म्हणजे कुणी सुरुवातीला लांब मुदतीची मेंबरशिप घेतली असेल, तर सही एका मालकाच्या काळात झाली आणि खोली मागायची वेळ आली दुसऱ्या मालकाच्या काळात. यात कुणाला दोष देण्याचा प्रश्न नाही. पंचवीस वर्षांत कंपन्या विकल्या जातात, धोरणं बदलतात, हंगामाचे तक्ते बदलतात. २०२० मध्ये तर सगळंच बंद होतं. इतक्या लांबचं वचन कुणीही दिलं तरी त्याची किंमत कमी धरावी.

आता पैशांचं. सेल्सवाल्याने ४,८०,००० ला २५ ने भागलं आणि १९,२०० काढले. हा भागाकार बरोबर आहे, पण यात निम्मी गोष्ट आहे. एक म्हणजे मेंटेनन्स यात नाही. दुसरं म्हणजे ४ लाख ८० हजार तुम्ही आज देताय आणि पंचविसावी सुट्टी २५ वर्षांनी घेणार आहात.

मेंटेनन्स दरवर्षी वाढतो. महागाईप्रमाणे वाढवण्याचं कलम करारात असतंच. मी वर्षाला ६ टक्के धरते. १९ हजारांपासून सुरुवात केली तर पंचविसाव्या वर्षी ती रक्कम जवळजवळ ७७ हजार होते, आणि २५ वर्षांची बेरीज साधारण १० लाख ४० हजार. म्हणजे तुमच्या समोर जी किंमत ठेवली तिच्या दुपटीहून जास्त रक्कम अजून यायची आहे, आणि ती तुम्ही गेलात काय, न गेलात काय, भरायचीच आहे. दहा वर्षांच्या करारात त्याच दराने मेंटेनन्सची बेरीज साधारण १ लाख ४५ हजार होते.

दुसरा हिशेब असा करा. तेच ४ लाख ८० हजार ७ टक्के व्याजाने ठेवले आणि २५ वर्षे दर वर्षअखेर सारखी रक्कम काढत राहिलात, तर कर सोडून वर्षाला जवळजवळ ४१ हजार हाती येतात. त्यात पहिल्या वर्षाचा मेंटेनन्स मिळवा: ६० हजार. सात रात्रींनी भागा: रात्रीला साडेआठ हजार, नुसत्या खोलीचे, आणि तेही सातच्या सात रात्री वापरल्या तर. दहा वर्षांच्या २ लाख १० हजारांना हाच हिशेब लावला तर वर्षाला ३० हजार, अधिक ११ हजार. म्हणजे रात्रीला पाच हजार आठशेच्या आसपास. 'वर्षाला स्वस्त' असलेला करार प्रत्यक्षात रात्रीला अडीच-पावणेतीन हजारांनी महाग निघाला. आता त्याच डोंगरावरच्या, त्याच दर्जाच्या हॉटेलात तुम्ही जाणार त्या आठवड्यात खोली कितीला मिळते, ते मोबाइलवर बघा. ज्या वर्षी जाणं जमणार नाही त्या वर्षी हॉटेलला शून्य द्यायचे असतात, हेही धरा. जेवण दोन्हीकडे वेगळंच. उलट रिसॉर्ट गावाबाहेर असलं तर आतल्याच रेस्टॉरंटमध्ये पाच जणांनी दोन वेळ जेवायचं, हा खर्च खोलीइतका होऊ शकतो. ठिकाण बघताना पेठ किती लांब आहे हेही बघतात, ते यासाठी.

पण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही कंसात टाकली आहे. मे महिन्यात आणि गणपतीत तुम्ही गावी जाता. शिक्षिका असल्यामुळे तुमची लांब सुट्टी दोनदाच, दिवाळीत आणि मेमध्ये. मे गुहागरला गेला. सासूबाई आहेत तोवर तो जाणारच, आणि जावा. आजीचं अंगण, आमरस आणि चुलत भावंडं कुठल्याही रिसॉर्टमध्ये मिळायची नाहीत. गणपतीचे दिवस गावचे. उरली दिवाळी. त्यातही लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज घरी. म्हणजे भाऊबीज झाल्यापासून शाळा उघडेपर्यंतचे आठ-दहा दिवस. तुमचा अख्खा करार, दहाचा असो नाहीतर पंचवीसचा, या आठ-दहा दिवसांवर उभा आहे.

आणि नेमके हेच दिवस महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळकरी मुलांच्या घराला हवे असतात. शेजारच्या गुजरातेतलं नवीन वर्षही तेव्हाच असतं, लाभपाचमेपर्यंत तिकडची दुकानं बंद असतात आणि तिकडची घरंही फिरायला बाहेर पडलेली असतात. माथेरान, महाबळेश्वर, गोवा, कुठेही जा, त्या आठवड्यात गर्दीचा कळस असतो. टाइमशेअर कंपन्यांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, म्हणून तर सीझनचे रंग असतात. वर्षातले सर्वाधिक मागणीचे आठवडे वरच्या, महाग रंगांत टाकतात. तुम्हाला विकला जातोय तो व्हाइट. त्या व्हाइटमध्ये दिवाळीनंतरचा आठवडा येतो का, हे साठ रिसॉर्टांच्या तक्त्यात शोधा. प्रत्येक रिसॉर्टचा तक्ता वेगळा असतो. तोंडी उत्तर घेऊ नका, तक्ताच मागा. माझा अंदाज आहे की तुम्हाला जिथे जावंसं वाटेल तिथे तो आठवडा व्हाइटमध्ये नसेल. मग त्या साठ ठिकाणांपैकी तुमच्यासाठी किती उरली? जुलै-ऑगस्टमध्ये महाबळेश्वरला खोली मोकळी असते हो, पण तेव्हा तुम्ही वर्गात असाल.

नणंदबाई खूश आहेत यावर माझा पूर्ण विश्वास आहे. फक्त त्यांना विचारा की त्या कधी जातात. मुलं मोठी झालेली, सुट्टी आपल्या हातात, मंगळवारी निघून शनिवारी परत येण्याची मुभा, असं असेल तर टाइमशेअर खरोखर चांगलं चालतं. कमी मागणीच्या दिवसांत खोल्या सहज मिळतात, रिसॉर्ट शांत असतात, वर्षात दोन-तीनदा तुकडे करून जाता येतं. त्यांच्यासाठी योग्य असलेली गोष्ट तुमच्या कॅलेंडरला बसेलच असं नाही. त्यांच्याकडून एक मदत मात्र घ्या. त्यांच्या मोबाइलवर मेंबरांचं बुकिंग उघडा आणि येत्या दिवाळीनंतरच्या आठवड्यासाठी तुमच्या मनातल्या तीन ठिकाणी खोली दिसते का बघा. सेल्सच्या तीन तासांत जे कळलं नाही ते दहा मिनिटांत कळेल.

मुदतीचं मोजमाप तुमच्या घरच्या वर्षांनी करा. मुलगी पुढच्या वर्षी दहावीत. दहावीच्या दिवाळीत आपल्याकडे कुणी सात रात्री बाहेर राहत नाही; क्लास असतात, सराव परीक्षा असतात. नंतर तिची अकरावी-बारावी. मग मुलगा दहावीत जाईल, आणि दोन वर्षांनी बारावीत. पुढच्या दहा दिवाळ्यांपैकी चार-पाच अशाच जातील. उरलेल्या रात्री पुढच्या वर्षी घेता येतात असं सांगितलं असेल, पण किती वर्षे साठवता येतात याला मर्यादा असते, आणि साठवलेल्या रात्रीही सीझनच्याच मर्यादेत मिळतात. दहा वर्षांनी मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा असेल. तेव्हा तो आई-बाबांबरोबर येईल की मित्रांबरोबर राजमाचीला जाईल, हे तुम्हीच जाणता. मुलगी कदाचित दुसऱ्या शहरात असेल. पंचविसाव्या वर्षी यजमान ६८ वर्षांचे असतील, निवृत्त होऊन बरीच वर्षे झालेली, आणि मेंटेनन्स ७७ हजार. ज्या कुटुंबाचा फोटो मनात ठेवून तुम्ही त्या हॉटेलात सही करायला निघाला होतात, त्या कुटुंबाची मुदत जास्तीत जास्त आठ-दहा वर्षे आहे. त्याहून लांब करार कुठल्या घरासाठी घ्यायचा?

आणखी एक, हे कुणी तुम्हाला सांगितलं नसेल. खोली चार जणांची आहे. घरात माणसं पाच आहेत. मुलगा आज लहान आहे, पण बारा वर्षांचा झाला की बऱ्याच ठिकाणी त्याला पूर्ण माणूस धरतात. मग सासूबाईंसाठी जादा गादी, जादा पैसे, किंवा दुसरी खोली. त्यांना न नेण्याचा विचार तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि ते मला आवडलं. म्हणून ठिकाणाचा विचार त्यांच्या गुडघ्यांपासून सुरू करा. ठाण्याहून पाचगणी सकाळी निघून दुपारी गाठता येते. मुन्नारचं चित्र सुंदर आहे, पण तिथे जायला आधी कोचीचं विमान, मग चार तासांचा घाट. पाच जणांची दिवाळीतली तिकिटं खोलीच्या पैशांना मागे टाकतात. साठ रिसॉर्टांची यादी वाचताना प्रत्येकापुढे घरापासूनचे तास लिहा. सासूबाई एका दिवसात बसून, अंग न दुखता पोहोचतील अशा ठिकाणांवर खूण करा. तीच तुमची खरी यादी. बाकीची ठिकाणं कंपनीच्या माहितीपुस्तिकेत आहेत, तुमच्या आयुष्यात नाहीत.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, मग दहा वर्षांचं, पाचगणीवालं घ्यावं. मुदत बरोबर आहे, ठिकाण जवळ आहे. मीही तेच म्हटलं असतं, जर त्यांचा माणूस ते एक वाक्य बोलला नसता: राहायला गेलाच नाहीत तर पैसे वाढून परत मिळतील.

ताई, हे वाक्य ऐकलं की उठायचं. मुदत, ठिकाण, काही बघायचं नाही. न वापरलेल्या रात्रींचे पैसे वाढवून परत देणं ही सुट्टीची योजना नसते, ती गुंतवणूक योजना असते, आणि लोकांकडून असे पैसे गोळा करायला सेबीची, म्हणजे शेअर बाजार आणि गुंतवणूक योजनांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते. पॅनकार्ड क्लब्जचं नाव ठाणे-मुंबईत तरी नवीन नाही. हॉटेलांतल्या रात्रींच्या नावाने पैसे घेतले जात आणि मुदतीनंतर वाढीव रक्कम देण्याची भाषा असे. सेबीने ही बेकायदा सामूहिक गुंतवणूक योजना ठरवली आणि २०१६ च्या फेब्रुवारीत ७ हजार कोटींहून जास्त रक्कम परत करण्याचा आदेश दिला. गुंतवणूकदार ५० लाखांच्या वर होते. त्यांत आपल्याकडचे शिक्षक होते, बँकेतले शिपाई होते, रिक्षा चालवणारे होते. पुष्कळांना ही योजना ओळखीतूनच कळली होती. आदेश निघणं आणि पैसे हातात येणं यांत किती अंतर असतं ते या लोकांना विचारावं. तुम्हालाही ही कंपनी ओळखीतून कळली आहे. सांगणाऱ्याच्या हेतूवर मी शंका घेत नाही, त्याचेही पैसे बहुधा तिथेच अडकलेले असतील.

आणि 'लवकरच' होणाऱ्या दापोलीसाठी आज पैसे देऊ नका. न बांधलेल्या रिसॉर्टचं ठिकाण पेन्सिलीनेसुद्धा लिहिलेलं नसतं.

तर माझा सल्ला हा की यातलं काहीच घेऊ नका. तरीही पुढे कधी टाइमशेअर घ्यायचंच ठरवलंत, तर मुदत दहा वर्षांच्या आत ठेवा. अलीकडे मोठ्या कंपन्यासुद्धा छोट्या मुदतीच्या मेंबरशिपा देतात. प्रेझेंटेशनमध्ये त्या आपणहून दाखवत नाहीत, विचाराव्या लागतात. कराराचा मसुदा घरी आणून वाचायला मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. मध्येच बाहेर पडलात तर किती रक्कम परत मिळेल, हे वर्षावार लिहून मागा. पुष्कळ करारांत भरलेल्या रकमेचे दोन भाग करतात, प्रवेश शुल्क आणि वापराच्या हक्काचं शुल्क. प्रवेश शुल्क मोठं असतं आणि ते परत मिळत नाही. सेल्सवाला जे जे तोंडाने बोलला ते ईमेलवर लिहून घ्या, कारण करारात शेवटी एक ओळ असते की तोंडी आश्वासनं कंपनीवर बंधनकारक नाहीत. मेंटेनन्ससाठी बँक खात्यातून परस्पर पैसे वळते करण्याचा आदेश सही करून देऊ नका.

टोकन परत द्यायला कुणी टाळाटाळ केली तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तिथे तक्रार नोंदवा. करारात 'वाद फक्त अमुक शहराच्या न्यायालयात' असं लिहिलेलं असलं तरी घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे ठाण्यातच, तक्रार करता येते. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर आयोगाचं शुल्क नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करायची असते. वकील लागतोच असं नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हे काम करते आहे, तिथेही मार्गदर्शन मिळतं.

यंदाच्या दिवाळीचं म्हणाल, तर वर्षाला जे ६० हजार त्या कराराला जाणार होते त्यांतून भाऊबीजेनंतर चार रात्रींसाठी पाचगणी-वाईच्या बाजूला दोन खोल्या घ्या, एक खाली, पायऱ्या नसलेली, सासूबाईंसाठी. फुकट रद्द करता येईल असंच बुकिंग करा आणि आत्ताच करा, ऑक्टोबरची वाट बघू नका. रेल्वेने कुठे जायचा विचार असेल तर आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि पुढच्या वर्षी मुलीच्या दहावीमुळे कुठेच गेला नाहीत, तर ते पैसे बँकेत तसेच राहतील.

टोकनच्या ईमेलला उत्तर काय आलं ते मला कळवा. उत्तरात 'रक्कम पुढच्या मेंबरशिपमध्ये वळती करू' असं लिहिलं असेल तर होकार देऊ नका, अर्जाच्या त्या पानाचा फोटो मला पाठवा.